डिजिटल स्टेथोस्कोप आणि हृदयातले मर्मर: आष्ट्याजवळच्या दवाखान्यातील आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात मी डिजिटल स्टेथोस्कोप विकत घेतला. आता आषाढ लागला आहे, म्हणजे जवळपास आठ महिने तो रोज वापरून झाल्यावर हे लिहितो आहे. किंमत २५,००० रुपयांच्या आसपास पडली. ज्या साध्या स्टेथोस्कोपवर मी २६ वर्षे काढली, त्याच्या ती कितीतरी पट आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी या जातीचे एकच यंत्र वापरले आहे आणि पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तरी सगळ्याच डिजिटल स्टेथोस्कोपना लागू पडतील असा माझा अंदाज आहे.

माझा दवाखाना सांगली-इस्लामपूर रस्त्यावर, आष्ट्याच्या अलीकडे आहे. रुग्ण बहुतेक ऊस-हळदीच्या शेतीतले, गळिताच्या हंगामात त्यांत ऊसतोडणीच्या टोळ्यांची भर पडते. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा तर सांगली, मिरज किंवा इस्लामपूर गाठावे लागते, म्हणजे रुग्णाची एक दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. मिरजेला १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले तेव्हापासून या भागातला माणूस ‘मिरजेला नेला’ एवढेच म्हणतो आणि ऐकणारा समजून जातो. हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये येणारा जादा आवाज, ऐकू आला तर कोणाला मिरजेला पाठवायचे, कोणाला आठ दिवसांनी पुन्हा बोलवायचे आणि कोणाला ‘काही नाही, घरी जा’ म्हणायचे, हे ठरवायला मदत होईल म्हणून मी हे यंत्र घेतले. त्याचे मोजमापही याच एका कसोटीवर करणार आहे.

प्रथम यंत्राविषयी. दिसायला ते नेहमीच्या स्टेथोसारखेच आहे, फक्त छातीवर ठेवायची चकती जाड आहे आणि तिच्या बाजूला आवाज कमी-जास्त करण्याची दोन बटणे आहेत. जुन्या चकतीला एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला वाटी असायची. पडद्याने बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकायचे आणि वाटीने खर्जातले. इथे चकती उलटायची नसते, बटण दाबून पडदा, वाटी किंवा दोन्हींचे मिश्रण निवडता येते. आसपासचा गोंगाट कमी करण्याची सोय आहे आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये आवाजाचा आलेख उमटतो, तो साठवूनही ठेवता येतो. १८१६ साली पॅरिसमध्ये लायनेक यांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीवर टेकवली तेव्हापासून स्टेथोस्कोप ही एक नळीच होती. आत जे वाजेल तेच कानात येई. या यंत्रात मात्र मायक्रोफोन आहे, आणि कानात येतो तो छातीतला आवाज नसून त्याची यंत्राने नव्याने घडवलेली नक्कल असते. ही गोष्ट विसरली की फसायला होते, आणि पहिल्या महिन्यात मी दोनदा फसलो.

सुरुवातीचे चार दिवस तर नको तेवढे ऐकू येत होते. छातीवरचे केस चकतीखाली घासले तरी फुप्फुसात पाणी झाल्यासारखी चरचर होई, साडीचा पदर हलला की वादळ उठल्यासारखे वाटे आणि रुग्णाच्या पोटातली गुरगुर हृदयाच्या ठोक्यांवर मात करी. छताचा पंखा आणि रस्त्यावरून जाणारा ऊसाचा ट्रॅक्टर हे दोन आवाज यंत्र फार चांगले दाबते, त्याबद्दल पूर्ण गुण द्यायला हवेत. बाकावर बसलेल्या नातेवाइकांचे बोलणे मात्र ते दाबू शकत नाही, ते पूर्वीप्रमाणे मलाच दाबावे लागते.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्या मर्मरविषयी. निरोगी हृदयाचे ‘लब’ आणि ‘डब’ हे दोन्ही आवाज झडपा मिटण्याचे असतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्या की लब, आणि हृदयातून बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्या की डब. रक्त सरळ वाहत असेल तर त्याचा आवाज होत नाही. पाटाचे पाणीही तसेच असते: दार पूर्ण उघडे असेल तर पाणी गुपचूप जाते, दार अर्धेच उघडले तर फटीतून खळखळते आणि दार नीट बसले नाही तर बंद असतानाही मागून फसफसत राहते. झडप नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही, हे झडपांच्या आजाराचे दोन मुख्य प्रकार, आणि एकाच झडपेला दोन्ही एकदम जडल्याचेही पुष्कळदा आढळते. रुग्णाला मी एवढेच विचारतो की तुमच्या शेतातले दार उघडेना की मिटेना, आणि त्याला आजार कळतो. वैद्यकीय महाविद्यालयात हे समजायला मला दोन सत्रे लागली होती.

मर्मर ऐकू आला की पहिला प्रश्न वेळेचा असतो: तो लब आणि डब यांच्या मध्ये आहे, की डब झाल्यावर पुढच्या लबपर्यंतच्या मोकळ्या जागेत? हृदय आकुंचन पावत असतानाचा मर्मर निरुपद्रवी असू शकतो, पण हृदय सैल पडून भरत असतानाचा मर्मर कधीच निरुपद्रवी मानायचा नाही. ठोके जलद असतील तर दोन्ही मोकळ्या जागा सारख्याच वाटू लागतात, म्हणून डाव्या हाताची बोटे मानेच्या धमनीवर ठेवायची. बोटाला उसळी लागते तो आकुंचनाचा काळ. नेमके इथेच मी पहिल्यांदा फसलो. नळी कानात घालण्याऐवजी ब्लूटूथचे इअरफोन लावून ऐकण्याची सोय या यंत्रात आहे आणि ती मला फार आवडली होती. एका रुग्णात बोटाखालची उसळी आणि कानातला मर्मर काही केल्या जुळेनात, मर्मर उसळीनंतर येत होता. मी तो भरण्याच्या काळातला धरला आणि घाबरून गेलो. जुना स्टेथो काढून ऐकले तेव्हा मर्मर उसळीच्या बरोबर होता. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही, पण ज्या कामात सेकंदाच्या दहाव्या भागावर निदान फिरते तिथे हा उशीर चालत नाही. तेव्हापासून तपासताना नळीच वापरतो.

दुसरा प्रसंग मिरजेच्या एका निवृत्त वाद्यकारागिराचा. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत, त्यांतल्याच एकातले हे चाचा मुलीकडे आमच्या गावी राहायला आले होते. वय सत्तरीकडे झुकलेले, जिना चढताना छाती भरून येते आणि एकदा मशिदीच्या पायरीवर भोवळ आली, अशी तक्रार होती. उजवीकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मध्ये चकती ठेवताच खरखरीत मर्मर आला: लबनंतर हळूहळू चढणारा, मध्याच्या पुढे शिगेला पोहोचणारा आणि डबच्या आधी उतरणारा. ॲपवरचा आलेख शंकरपाळ्यासारखा दिसत होता. तोच आवाज मानेत दोन्ही बाजूंना स्पष्ट चढला होता आणि मानेची नाडी जशी टकरायला हवी तशी न टकरता आळसावल्यासारखी वर येत होती. एओर्टिक झडप, म्हणजे शरीरभर रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या तोंडाशी असलेली झडप, अरुंद झाल्याचे हे पाठांतरातले चित्र आहे. या वयात ते बहुधा झडपेवर चुना साचून होते. शंभरात एक-दोघांना जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची एओर्टिक झडप असते, त्यांच्यात हेच दहा-वीस वर्षे आधी दिसू लागते.

पण डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाशी चकती नेली तेव्हा आवाजाची जातच बदलली. खरखर गेली आणि जवळजवळ सुरेल, घुमणारा नाद आला. मायट्रल झडपही, म्हणजे डावीकडच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडपही, गळते आहे काय, अशी शंका मला आली. चाचांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, मला ऐकवता काय?” मी वायरचा हेडफोन लावून त्यांना दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकवली. डोळे मिटून त्यांनी पहिले ऐकले, दुसरे ऐकले, मग पहिले पुन्हा लावायला सांगितले आणि म्हणाले, “वर जवारी बिघडलीय, खरखरतंय. खाली गोड लागतंय. पण तार एकच आहे ही, दोन नव्हेत.” तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसीने कणाकणाने घासून तारेचा नाद खुलवणे म्हणजे जवारी काढणे, चाचांनी आयुष्यभर तेच काम केले होते. त्यांचे म्हणणे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक होते. अरुंद एओर्टिक झडपेच्या मर्मरातले बारीक, सुरेल स्वर हृदयाच्या टोकाकडे जातात आणि खरखर वर राहते. गालावार्दिन या फ्रेंच वैद्याच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो आणि मायट्रल गळती समजून त्यात भलेभले चकतात. आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा दोन्हींचा चढ-उतार एकाच घाटाचा होता. मायट्रल गळतीचा असता तर तो लबपासून डबपर्यंत सपाट, एकसारखा आला असता आणि काखेकडे पसरला असता. दोन जागांची मुद्रणे पाठोपाठ ऐकण्याची ही सोय जुन्या स्टेथोत नव्हती आणि या यंत्रात मला सर्वांत मोलाची तीच वाटते.

एकोमध्ये झडपेचे तोंड १ चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी आढळले; निरोगी माणसात ते ३ ते ४ असते. भोवळ, छातीतले दुखणे किंवा धाप यांपैकी एक जरी लक्षण अशा झडपेबरोबर दिसू लागले तरी झडप बदलण्यात चालढकल करू नये.

याच रुग्णामुळे यंत्राचा एक मोठा दोष माझ्या लक्षात आला. मर्मरच्या मोठेपणाची सहा पायऱ्यांची मोजणी १९३३ साली फ्रीमन आणि लेव्हिन यांनी मांडली आणि आजही केसपेपरवर आपण ‘३/६’ असे लिहितो. पहिली पायरी म्हणजे लक्ष देऊन ऐकल्यावरच कळणारा, चौथी म्हणजे तळहाताला थरथर जाणवणारा आणि सहावी म्हणजे चकती छातीवरून उचलली तरी ऐकू येणारा. आवाज वाढवण्याचे बटण हाताशी आले की या मोजणीचा पायाच उखडतो. दुसऱ्या पायरीचा मर्मर मी चौथ्या पायरीचा लिहिला आणि मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांनी फोन करून विचारले की थरथर कुठे आहे. आता माझा नियम असा आहे की पायरी लिहायची ती जुन्या स्टेथोने आणि तळहाताने, डिजिटलने नव्हे. हाताला लागणारी थरथर कुठलेही बटण वाढवू शकत नाही.

आणि मुळात आवाजाच्या मोठेपणावरून आजाराचे मोठेपण ठरत नाही. दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला लहानसे भोक असलेल्या मुलात छातीच्या हाडाच्या डावीकडे कानठळ्या बसवणारा मर्मर येतो आणि ते पोर अंगणात खुशाल लंगडी खेळत असते. फट जितकी बारीक तितका रक्ताचा झोत जोराचा. उलट एओर्टिक झडप पार चुरगळली आणि हृदय थकले, की झडपेतून रक्तच कमी जाते आणि मर्मर मवाळ होतो. त्या अवस्थेत शिगेची जागा डबजवळ सरकते आणि डब स्वतः मंद होतो. आवाज किती मोठा आहे यापेक्षा हे दोन बदल अधिक बोलके असतात. आलेखावर शिगेची जागा दिसते, म्हणून तेवढ्यापुरते यंत्राला श्रेय द्यावे लागेल.

यंत्राची खरी परीक्षा झाली ती पौषात. बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळीतली एक बाई, वय २३, सातवा महिना, मुकादमाच्या बायकोबरोबर आली. रात्री खोकला, थोडेसे गुलाबी थुंकीत आल्यासारखे, आणि कोपीत झोपताना पाठीमागे उसाच्या पाचटाचा भारा लावून बसूनच झोपावे लागते. ती म्हणाली, “आडवं झालं की दम कोंडतो, बसलं की बरं वाटतं.” आधीच्या मुक्कामी कोणीतरी दम्याचे औषध दिले होते. मी तिला स्टुलावर बसवून, पडद्याच्या स्थितीत तपासले. ठोके मिनिटाला ११० होते, लब जरा ठसठशीत वाटला, मर्मर नाही. ॲपमध्ये ध्वनिमुद्रण पाठवले की ‘मर्मर आहे’ किंवा ‘मर्मर नाही’ असा निकाल येतो, तोही ‘नाही’ असाच आला. मी जवळजवळ समाधान मानून खोकल्याचे औषध लिहिणार होतो.

पण तो ठसठशीत लब मनातून जाईना. मायट्रल झडप अरुंद झाली की लब टपोरा होतो आणि त्याचा मर्मर खर्जातला, दूरवर गाडी घरघरावी तसा असतो. तो ऐकण्याचा विधी ठरलेला आहे: रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचे, हृदयाचे टोक बोटाने शोधायचे, त्याच जागी वाटी अलगद टेकवायची आणि श्वास सोडून थांबायला सांगायचे. तिला टेबलावर डाव्या कुशीवर घेतले, बटण वाटीवर नेले आणि आवाज चार पायऱ्या वाढवला. डबनंतर लगेच एक बारीक ‘टक’ आणि त्यापाठोपाठ पुढच्या लबपर्यंत पोहोचणारी घरघर, शेवटी किंचित चढणारी. तो ‘टक’ म्हणजे कडक झालेल्या पाकळ्या उघडताना बसणारा हिसका. तो डबच्या जितका जवळ तितकी झडप अरुंद, आणि घरघर जितकी लांबट तितका आजार पुढे गेलेला. जुन्या स्टेथोने हीच जागा लगेच तपासून पाहिली: माहीत असल्यामुळे ‘आहे’ असे म्हणता आले, माहीत नसते तर मला नक्कीच हुकला असता. ॲपला दुसरे मुद्रण पाठवले, त्याने पुन्हा ‘मर्मर नाही’ म्हणून सांगितले.

तिला लहानपणी गुडघे आळीपाळीने सुजून ताप येत असे, हे विचारल्यावर तिने सांगितले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडपांवरचे व्रण राहतात आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत पाकळ्या एकमेकींना चिकटतात. मायट्रलचे तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते, हिचे एकोमध्ये १.१ भरले. गरोदरपणी रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, ठोके जलद होतात आणि हृदय भरण्याचा वेळ कमी पडतो, त्यामुळे तोवर गप्प असलेली झडप सातव्या महिन्यात बोलू लागते. मिरजेला ठोके आवरण्याचे आणि लघवीवाटे पाणी काढण्याचे औषध सुरू झाले, बाळंतपण तिथेच सुखरूप झाले आणि नंतर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या पाकळ्या सुट्या करण्यात आल्या. दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन पुढची अनेक वर्षे घ्यायचे आहे. सहा महिने सांगलीत आणि सहा महिने बीडमध्ये राहणाऱ्या बाईचे हे इंजेक्शन चुकण्याची शक्यता मला झडपेपेक्षा अधिक भिववते. तारखा लिहून, शिक्का मारून एक कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले आहे.

या प्रसंगानंतर ॲपच्या निकालाकडे पाहणे मी बंद केले. ज्या जागी, ज्या कुशीवर, ज्या बटणावर तुम्ही मुद्रण केले तेवढ्यावरच तो बोलतो, आणि खर्जातल्या आवाजावर तर माझ्या अनुभवात तेवढ्यावरही बोलत नाही. जाहिरातीत मात्र या निकालालाच सर्वांत मोठी जागा दिलेली आहे.

ज्या आजारात हे यंत्र जुन्या स्टेथोला निर्विवाद मागे टाकते तो म्हणजे एओर्टिक झडपेची गळती. तिचा मर्मर डबला चिकटून सुरू होतो, फुंकर घातल्यासारखा, बारीक आणि लगेच विरत जाणारा. रुग्णाला बसवून पुढे वाकवायचे, श्वास पूर्ण सोडून थांबायला सांगायचे आणि पडदा छातीच्या हाडाच्या डावीकडे, तिसऱ्या बरगडीखाली घट्ट दाबायचा. पन्नाशीनंतर ज्यांचे कान बारीक आवाजांना कमी पडू लागतात त्या माझ्यासारख्यांना हा मर्मर सर्वांत आधी दुरावतो. गेल्या महिन्यात एका शिक्षकांचा रक्तदाब १७० वर ५० आला. वरचा आणि खालचा आकडा इतके फाकलेले पाहून मनगट उचलून धरले, तर नाडी तळहातावर थपडा मारत होती. जुन्या स्टेथोने मला काही ऐकू आले नाही, डिजिटलने फुंकर स्वच्छ ऐकू आली. अशा रुग्णाचे डोके प्रत्येक ठोक्याला किंचित हलते. फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्युसे यांचे असे हलत असे म्हणून त्या खुणेला त्यांचे नाव आहे. गुरुजींचेही हलत होते, आणि त्यांच्या पत्नीने ते ‘हल्ली हो हो करतात’ म्हणून सोडून दिले होते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. मायट्रल गळतीचा मर्मर काखेकडे जातो हे वर आलेच. झडपेची पाकळी सैल होऊन मागे फुगत असेल तर आकुंचनाच्या मध्यावर एक टिचकी येते आणि मर्मर तिच्यानंतर, उशिरा. रुग्णाला उभे केले की ती टिचकी अलीकडे सरकते, आलेखावर हे पाहायला मजा येते. उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेच्या गळतीचा मर्मर श्वास आत घेताना वाढतो. उकिडवे बसून उठल्यावर मर्मर वाढला तर हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार शोधायचा, कारण अरुंद एओर्टिक झडपेत याच्या उलट घडते. या कसरतींच्या वेळी चकती जागची हलली की यंत्र इतके खरखरते की आलेख वाया जातो, त्यामुळे त्या मी अजून जुन्या स्टेथोनेच करतो.

मुलांच्या बाबतीत यंत्राचा उपयोग अनपेक्षित निघाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा-तपासणीत पाच वर्षांच्या मुलाच्या कागदावर ‘मर्मर’ लिहिले गेले आणि आईबाप ‘हार्टला भोक’ म्हणत रडत आले. मुलाला झोपवून ऐकले तर छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खालच्या बाजूस छोटा, गुणगुणता मर्मर. उभे केल्यावर तो विरला. डब दोन तुकड्यांत सुटा-सुटा ऐकू येत होता आणि श्वासाबरोबर त्या तुकड्यांमधली फट कमी-जास्त होत होती. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते तर ती फट स्थिर राहिली असती. जॉर्ज स्टिल यांनी १९०९ साली वर्णन केलेला हा निरुपद्रवी मर्मर दोन ते सात वर्षांच्या मुलांत सहज आढळतो, आणि ताप किंवा रक्तक्षय असेल तर अधिकच. बापाला झोपलेल्या आणि उभ्या मुलाची मुद्रणे पाठोपाठ ऐकवली. तोंडी सांगून जे पटले नसते ते त्याला स्वतःच्या कानांनी पटले.

आता तक्रारी. ॲपमधले मुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर लावले तर खर्जातले मर्मर ऐकूच येत नाहीत, कारण एवढ्याशा स्पीकरला ते स्वर वाजवता येत नाहीत. त्या ऊसतोड बाईचे मुद्रण मी व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवले तर त्याने ‘नॉर्मल आहे’ म्हणून कळवले. हेडफोन लावून ऐक म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. दुसरे, ॲप प्रत्येक मुद्रण आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर चढवते आणि ते थांबवण्याची सोय तीन पडद्यांआड लपवलेली आहे. रुग्णाच्या छातीतला आवाज हीसुद्धा रुग्णाचीच माहिती आहे. मी तो पर्याय बंद केला आणि मुद्रणाला नावाऐवजी केसपेपरचा क्रमांक देतो. तिसरे, चार्जिंग संपत आले की आधी सूचना न देता आवाज हळूहळू खाली येतो, त्या अवस्थेत क्षीण मर्मर हुकण्याचा धोका खरा आहे. पाऊस सुरू झाल्यापासून चकतीच्या कडेला दमट हवा धरते आणि एक मंद सूं कानात राहतो. दुरुस्तीसाठी यंत्र कुरिअरने पुण्याला पाठवावे लागले, १९ दिवस लागले, आणि त्या काळात जुना स्टेथो नसता तर दवाखाना बंद ठेवावा लागला असता.

कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांसाठी एक सूचना. धातूच्या झडपेची टिकटिक मुळातच टोकदार असते. रात्रीच्या शांततेत ती त्यांना स्वतःलाही ऐकू येते. आमच्याकडे असे चार रुग्ण आहेत, त्यांतल्या दोघांना चित्रा झडप आहे, जी तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशात तयार केली आणि १९९० मध्ये प्रथम बसवली. यांना तपासताना आवाज सर्वांत खाली आणून मगच नळी कानात घालावी. टिकटिक ठसठशीत असणे चांगले. ती दबकी, गुदमरल्यासारखी झाली तर झडपेवर गुठळी धरल्याची शंका घेऊन त्याच दिवशी पाठवायला हवे. प्रत्येक रुग्णाची टिकटिक ठणठणीत असतानाच मुद्रित करून ठेवली आहे, म्हणजे उद्या तुलनेला काही हाताशी राहील.

ज्यांचा दवाखाना गजबजलेल्या रस्त्यावर आहे, ज्यांची पन्नाशी उलटली आहे किंवा जे हाताखालच्या मुलांना शिकवतात, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. नुकती पदवी घेतलेल्यांनी दोन वर्षे साध्या स्टेथोवर काढून मग विचार करावा, असे माझे मत आहे; सावधपणे कान देण्याची सवय लागण्याआधीच आवाज वाढवायचे बटण हाती आले तर ती सवय लागत नाही, हे मी माझ्याकडे येणाऱ्या एका इंटर्नमध्ये पाहतो आहे. घेतलेच तर त्याच दिवशी वायरचा चांगला हेडफोन घ्यावा, आणि दुकानदार ब्लूटूथचा माथी मारू लागला तर सरळ नाही म्हणावे.

चाचांची झडप मार्चमध्ये बदलली. ते परवा येऊन गेले, जिना आता एका दमात चढतात. जुने मुद्रण अजून आहे काय, असे त्यांनी विचारले आणि नवे-जुने दोन्ही ऐकून घेतले. नव्यात लबनंतर एक छोटी, मऊ फुंकर तेवढी उरली आहे, बदललेल्या झडपेत ती असतेच. “आता बरोबर लागलीय,” एवढे बोलून त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.